उजवीकडची आखूड शीर

फळ्यावर तारीख-वार लिहून झाला, सुविचार लिहायला हात वर नेला आणि तो वर राहीच ना. खडू पडला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उचलून दिला, मी पुन्हा हात वर नेला, तो पुन्हा खाली आला. दुखत नव्हता, बधिर नव्हता, नुसती ताकद गेली होती. आधीचे दोन महिने रात्री पायांत गोळे येत होते, लघवीला चार-चार वेळा उठावं लागत होतं, मांडी घालून बसलं की उठताना भिंतीचा आधार लागत होता. चाळिशी ओलांडली की असं व्हायचंच, असं म्हणून मी सगळं अंगावर काढलं होतं. त्या दिवशी मात्र शाळेतून थेट दवाखाना गाठला. रक्तात पोटॅशियम निघालं २.७. ते साडेतीनच्या खाली जाता कामा नये.

बीपी मला अडतिसाव्या वर्षापासून. आधी एक गोळी, मग दोन, मग तीन. तीन गोळ्या पोटात असूनही वरचा आकडा दीडशेच्या खाली उतरत नव्हता. दर वेळी तेच ऐकलं: मीठ कमी करा, वजन उतरवा, ताण घेऊ नका. मी सगळं केलं. आमच्या घरात लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर गेली ती खाली आलीच नाही. तिसरी गोळी लघवीवाटे पाणी काढणारी होती, तिच्यानं पोटॅशियम उतरलं असेल म्हणून ती थांबवली आणि पोटॅशियमचं औषध सुरू केलं. तीन आठवड्यांनी तपासलं तर जेमतेम ३.१.

कऱ्हाडचे आमचे फिजिशियन डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी फाईल मागपासून पुढपर्यंत चाळली आणि म्हणाले, "बाई, हे साधं बीपी नसावं. एक तपासणी करू, ती आधीच व्हायला हवी होती." ती तपासणी म्हणजे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या दोन हार्मोन्सचं प्रमाण. माझं अल्डोस्टेरॉन २८ आणि रेनिन ०.३, म्हणजे गुणोत्तर नव्वदीच्या पुढं. तीसच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात.

दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, चार-पाच ग्रॅम वजनाची. तिला ॲड्रिनल म्हणतात. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी रेनिन सोडते, त्या साखळीतून ॲड्रिनलला निरोप जातो, ती अल्डोस्टेरॉन सोडते आणि मग किडनी मीठ धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते. माझ्या शरीरात हा निरोप कुणी धाडत नव्हतं, रेनिन तळाला होतं, तरी ॲड्रिनल आपलं आपण अल्डोस्टेरॉन ओतत होती. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन या डॉक्टरांनी १९५४ मध्ये एका चौतीस वर्षांच्या बाईत हा आजार, प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम, ओळखला. तिलाही स्नायूंचा अशक्तपणा होता, पायांत गोळे होते, बीपी होतं. हे वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी बाईविषयी फार जवळीक वाटली. आणि रागही आला. सत्तर वर्षांपूर्वी ओळखलेला आजार, बीपीच्या शंभर रुग्णांत पाच-दहा जणांना असणारा, आणि माझ्या सहा वर्षांच्या फाईलमध्ये त्याचं नाव एकदाही नव्हतं. पुष्कळ रुग्णांचं पोटॅशियम उतरत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शंकासुद्धा येत नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२५ साली बीपी असलेल्या प्रत्येकाचीच ही रक्ततपासणी करावी असं सुचवलं आहे. माझ्या धाकट्या भावाची मी लगेच करून घेतली.

पुढची पायरी सलाईनची. चार तासांत दोन लिटर सलाईन चढवतात. निरोगी माणसाचं अल्डोस्टेरॉन त्यानं दबतं. माझं १९ वर राहिलं; दहाच्या वर राहिलं म्हणजे आजार पक्का. त्याआधी पोटॅशियम चारपर्यंत आणून घेतलं, कारण ते उतरलेलं असलं की अल्डोस्टेरॉनही खोटंच कमी दिसतं. आणि मीठ नेहमीसारखं खा म्हणून सांगितलं, कारण मीठ तोडलं की रेनिन उगाच वर चढतं. सहा वर्षांनी बरणी खाली आली. लिंबाच्या लोणच्याची फोड जिभेवर ठेवली आणि माझे डोळे भरून आले.

मग सीटी स्कॅन. डाव्या ॲड्रिनलवर ११ मिलिमीटरची गाठ. यांनी रिपोर्ट वाचला आणि यांच्या जिवात जीव आला: गाठ आहे, काढली की सुटलो. मलाही तसंच वाटलं. डॉक्टरांनी मात्र थांबवलं. वय वाढतं तशा ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी येतात, त्या हार्मोन सोडतातच असं नाही. उलट डोळ्यांना अगदी साफ दिसणारी ग्रंथी अल्डोस्टेरॉन ओतत असू शकते. दोष एकाच बाजूला असेल तर ती ग्रंथी काढायची, दोन्हीकडे असेल तर ऑपरेशनाचा उपयोग नाही, आयुष्यभर गोळ्या. आणि हे स्कॅनवरून ठरत नाही. ९५० रुग्णांची जुनी माहिती एकत्र करून २००९ साली पाहिलं गेलं तेव्हा ३७.८ टक्के रुग्णांत स्कॅन एक सांगत होता आणि शिरेतलं रक्त दुसरंच. वय पस्तिशीच्या आत, पोटॅशियम आपोआप उतरलेलं, अल्डोस्टेरॉन खूप वाढलेलं आणि स्कॅनवर एकाच बाजूला ठळक गाठ असेल तर ही तपासणी टाळता येते. मी चव्वेचाळीसची होते.

शिरेतलं रक्त म्हणजे ॲड्रिनल व्हेन सॅम्पलिंग, बोलताना सगळे एव्हीएस म्हणतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतलं रक्त वेगवेगळं घ्यायचं आणि कुठल्या बाजूनं अल्डोस्टेरॉन जास्त येतंय ते मोजायचं.

पहिली एव्हीएस मी दिवाळीच्या सुट्टीत करून घेतली, एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. नाव लिहीत नाही. तयारीच अवघड होती. नेहमीच्या बीपीच्या बऱ्याच गोळ्या रेनिन-अल्डोस्टेरॉनचे आकडे बिघडवतात, म्हणून त्या आधी काही आठवडे बंद करून त्यांच्या जागी प्राझोसिन आणि वेरापामिल दिलं. प्राझोसिनचा पहिला डोस रात्री झोपतानाच घ्यायचा, असं बजावलं होतं. पहाटे उठले तर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि न्हाणीघराच्या चौकटीला धरून मी खाली बसले. बीपी १७८/१०४ पर्यंत गेलं. त्या दिवसांत रोज दोनदा मोजायचं, वहीत लिहायचं आणि अमुक आकड्याच्या वर गेलं तर फोन करायचा, हे ठरवून घेतलेलं असलं पाहिजे. औषधं मनानं बंद करून कुणी हे करू नये, जिवावर बेतू शकतं.

त्या दिवशी टेबलावर दोन तास गेले. जांघेत भूल दिली होती, टोचल्याचं काही वाटलं नाही. डावी शीर लवकर मिळाली. उजवीसाठी खूप वेळ चाललं होतं. नळी थोडी वर, थोडी खाली, फिरवून पुन्हा. मध्येच, शीर एक्स-रेच्या पडद्यावर दिसावी म्हणून नळीतून औषध सोडलं तेव्हा उजव्या बरगडीखाली, पाठीच्या बाजूला, कळ उठली आणि मी ओरडले. तिथेच थांबले ते. "झालं, घेतलं रक्त," म्हणाले. संध्याकाळी सोनोग्राफी केली, रक्तस्राव नव्हता. जांघेत पेरूएवढा काळानिळा डाग पंधरा दिवस राहिला.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. डावीकडचं अल्डोस्टेरॉन ४१०, उजवीकडचं ३३. तिथल्या सर्जननी आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं, "डावीकडे बारापट आहे, सीटीशीही जुळतंय, डावी काढून टाकू." ऑपरेशनची तारीखही दिली. मी फाईल घेऊन कऱ्हाडला आले ती फक्त आमच्या डॉक्टरांना सांगायला.

त्यांनी रिपोर्ट बराच वेळ पाहिला. मग एक कोरा कागद घेतला. ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण गणित मीही शिकवते आणि इतकं महत्त्वाचं गणित मला कुणी सोडवून दाखवलं नव्हतं. म्हणाले, नळी खरंच ॲड्रिनलच्या शिरेत होती का, हे आधी बघायचं. त्याचा साक्षीदार कॉर्टिसॉल. ते ॲड्रिनलमध्येच तयार होतं, म्हणून तिच्या शिरेतल्या रक्तात ते हाताच्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त असायला हवं, किमान दुप्पट. माझ्या हातातल्या रक्तात कॉर्टिसॉल १६. डावीकडचं १८०, अकरापट, म्हणजे नळी बरोबर जागी. उजवीकडचं १९.

"एकोणीस भागिले सोळा," ते म्हणाले. मी म्हटलं, एक पूर्णांक दोन.

म्हणजे नळी उजव्या ॲड्रिनलच्या शिरेत गेलीच नव्हती. ते रक्त पोटातल्या मोठ्या शिरेतलं होतं, साधं. त्यातलं ३३ म्हणजे उजवी ग्रंथी गप्प असल्याचा पुरावा नव्हता, उजवीची तपासणी झालीच नव्हती. आणि डाव्या ४१० ला १८० नं भागलं तर जेमतेम सव्वादोन येतात, हातातल्या रक्तातल्या गुणोत्तराहून फार वर नाही. त्या एका न केलेल्या भागाकारावर माझी एक ग्रंथी निघणार होती.

मी ऑपरेशनची तारीख रद्द केली. त्या रात्री मला झोप आली नाही. भीती मला कळेची नव्हती, ती सहन होते. भीती ही होती की रिपोर्टवर "तपासणी अपुरी" असं कुणी लिहिलंच नव्हतं.

उजवी शीर का सापडत नाही, हे मला पुढं नीट समजलं. डावी ॲड्रिनलची शीर डाव्या किडनीच्या शिरेला मिळते, वाटेत श्वासपटलाकडून येणारी शीर तिला जोडली जाते, त्यामुळे ती लांब आणि ठरल्या जागी असते. उजवी थेट मोठ्या शिरेत शिरते, तीही मागच्या बाजूनं, आणि ती असते सेंटिमीटरभर, कित्येकदा त्याहून आखूड. नळीचं टोक टिकायला जागाच नाही. शेजारीच यकृताची एखादी बारीक शीर असते, ती चकवते. त्यातून भिंत नाजूक; औषध जोरानं ढकललं तर शीर फुटते आणि ग्रंथीत रक्त साकळतं. मला आलेली कळ ही त्याचीच सूचना होती.

मग ही तपासणी धोक्याची म्हणायची का? मी नाही म्हणणार. जगभरातल्या वीस केंद्रांतल्या २,६०४ तपासण्यांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात शीर फुटण्याचं प्रमाण ०.६१ टक्के होतं, म्हणजे हजारात सहा. आणि ज्या रेडिऑलॉजिस्टनी जास्त तपासण्या केल्या होत्या त्यांच्या हातून ते कमी घडलं होतं. फुटली तरी बहुतेकदा वेदनाशामक आणि विश्रांतीवर भागतं. धमनीत नव्हे तर शिरेत टोचतात, म्हणून जांघेतलं रक्तही लवकर थांबतं. त्यामुळे मशिनपेक्षा हात कुणाचा हे महत्त्वाचं, आणि तो हात एकाच माणसाचा असावा. चार डॉक्टरांत ही कामं वाटली तर कुणालाच सराव होत नाही.

दुसऱ्यांदा मुंबईला करायचं ठरलं, मे महिन्याच्या सुट्टीत. मुक्काम ताईकडे डोंबिवलीला. मधल्या काळात अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन दिलं होतं, ते सहा आठवडे आधी थांबवलं, पुन्हा प्राझोसिन, पुन्हा वेरापामिल, पुन्हा वही. यावेळी आधीच्या भेटीत मी प्रश्न लिहून नेले होते. तुम्ही स्वतः किती केल्यात? उजवी किती वेळा मिळते? कॉर्टिसॉल टेबलावर असतानाच बघता का? यांना संकोच वाटत होता, डॉक्टरांना असं कसं विचारायचं. त्या रेडिऑलॉजिस्टबाईंनी एकेक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि वर म्हणाल्या, "ताई, हे सगळ्यांनी विचारायला पाहिजे." सीटी त्यांनी स्वतः पुन्हा पाहिला होता, उजवी शीर कुठल्या मणक्याच्या उंचीला शिरते ते त्यांनी आधीच टिपून ठेवलं होतं.

सकाळी सहा तास उपाशी. किडनीची तपासणी, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण, सगळं विचारून झालं. दोन्ही हातांना सुया. एका हातातून एसीटीएचचं थेंब-थेंब सलाईन, नळी घालण्याच्या अर्धा तास आधीपासून. हे हार्मोन ॲड्रिनलला जोरात कामाला लावतं, त्यानं ताणामुळे होणारा चढ-उतार झाकला जातो आणि कॉर्टिसॉलचा फरक ठळक होतो. कॅथलॅबमध्ये कडाक्याची थंडी होती. सिस्टरनी पायांवर दोन ब्लँकेटं टाकली.

यावेळी उजवी आधी. त्या औषध ढकलत नव्हत्या, फुंकर घातल्यासारखं इवलंसं सोडत होत्या आणि दर वेळी विचारत होत्या, "पाठीत दुखतंय का?" मी मान वळवली की पडदा दिसायचा. बराच वेळ राखाडी काही-काही हललं आणि मग एकदम कोथिंबिरीच्या जुडीच्या मुळांसारख्या बारीक रेघा उमटल्या, क्षणभर, आणि विरल्या. "ही," त्या हळूच म्हणाल्या. खोलीत कुणी बोलेना. रक्त पिचकारीनं ओढायचं नाही, ओढलं की नाजूक शीर नळीच्या टोकाला चिकटून बंद होते. म्हणून नळीचं बाहेरचं टोक खाली धरलं आणि रक्त आपोआप ठिबकू दिलं. ट्यूबच्या तळाशी पडणारे थेंब सिस्टर बघत होत्या, मी सिस्टरांचा चेहरा बघत होते. थांबायचं, पुन्हा एक थेंब. चार मिली भरायला मला वाटतं पाच-सहा मिनिटं लागली. ट्यूबवर लेबल आधीच चिकटवलेलं होतं, तरी सिस्टरनी ते मोठ्यानं वाचलं, "उजवी, एक," आणि दुसऱ्या सिस्टरनी तेच पुन्हा म्हटलं. त्याच वेळी हाताचं रक्त. मग उजवी दोन, मग डावी.

मग ट्यूबा घेऊन एक मुलगा लॅबकडे पळाला आणि आम्ही थांबलो. अल्डोस्टेरॉनला दिवस लागतात, कॉर्टिसॉल मात्र नेहमीच्या मशिनवर अर्ध्या तासात निघतं. नळी जांघेत तशीच. उजवी चुकली असेल तर तिथंच पुन्हा प्रयत्न करता येतो, घरी जाऊन नऊ दिवसांनी कळण्यात काय अर्थ? डॉक्टरबाई शिशाचा एप्रन अंगावरच ठेवून माझ्याशी शाळेबद्दल बोलत बसल्या. फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि आकडे मोठ्यानं म्हटले: हात चोवीस, डावी पाचशे चाळीस, उजवी सहाशे वीस.

सहाशे वीस भागिले चोवीस. मी पडल्या पडल्या केलं. पंचवीसच्या वर. एसीटीएच दिलेलं असताना पाचपट असलं तरी पुरतं.

नळी काढून जांघेवर दहा मिनिटं हातानं दाबून धरलं. मग चार तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं, त्यात पाठ फार अवघडली. त्या वेळात लघवी बेडपॅनमध्ये करावी लागली, हेही लिहून ठेवते, कारण बायका त्याच काळजीनं पाणी पीत नाहीत आणि औषध किडनीतून बाहेर जायला पाणी तर हवंच. दुसऱ्या दिवशी डाग रुपयाएवढासुद्धा नव्हता.

अल्डोस्टेरॉनचे आकडे आठवड्यानं आले. यावेळी कागद मीच पुढं ओढला. उजवीकडे १,२४०, कॉर्टिसॉलनं भागलं की बरोबर दोन. डावीकडे १,४५८, भागून दोन पूर्णांक सात. दोन्हीतला फरक दीडपटही नाही. एका बाजूचा दोष म्हणायला तो चारपटीच्या वर लागतो आणि दुसरी बाजू दबलेली लागते. माझ्या दोन्ही ग्रंथी सारख्याच कामाला लागल्या होत्या. डावीवरची ती ११ मिलिमीटरची गाठ नुसती तिथे होती. ती काढली असती तर उजवीनं आपलं काम चालूच ठेवलं असतं.

ऑपरेशननं सुटका नाही, हे ऐकून यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा संपल्याचं बरंही वाटलं. एक बाजू असती तरी बीपी पूर्ण जाईलच असं नव्हतं. एक ग्रंथी काढलेल्या रुग्णांचा २०१७ सालचा मोठा अभ्यास आहे. त्यात ९४ टक्क्यांचं हार्मोन पूर्ण ताळ्यावर आलं, पण गोळ्यांशिवाय बीपी नीट राहिलं ते ३७ टक्क्यांचंच. आणि नेदरलँड्समधल्या २०१६ च्या एका चाचणीत स्कॅनवरून उपचार ठरवलेले आणि एव्हीएसवरून ठरवलेले असे दोन गट केले होते. वर्षभरानंतर दोन्ही गटांना लागणाऱ्या गोळ्यांत फरक पडला नाही. त्यावरून एव्हीएसची गरजच नाही म्हणणारे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं मी वाचलं, समजून घेतलं. माझ्या बाबतीत मात्र ती नसती तर डावी ग्रंथी गेली असती आणि आजार तिथेच राहिला असता.

स्पायरोनोलॅक्टोन पुन्हा सुरू झालं. त्यानं पाळीचं चक्र बिघडलं, तेव्हा ते बदलून एप्लेरेनोन दिलं. पोटॅशियमचं औषध सुटलं. आता उलट पोटॅशियम चढत नाही ना, हे बघायला दर तीन महिन्यांनी रक्त देते. पायांत गोळे येत नाहीत. रात्री एकदा उठते. बाकीच्या तीन गोळ्यांपैकी एकच उरली आणि वहीतला आकडा १२६/८० च्या आसपास असतो.

डॉक्टर मात्र बीपीवर समाधान मानत नाहीत. ते रेनिन बघतात. ते तळालाच पडून असेल तर अल्डोस्टेरॉनचं ओझं हृदयावर-किडनीवर अजून आहे, डोस कमी पडतोय. पहिल्या तपासणीत ०.३, सहा महिन्यांनी ०.६, डोस वाढवला. गेल्या आठवड्यात १.४ आलं. सहा महिन्यांपूर्वीचा कागद शेजारी ठेवून त्यांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली आणि डोस तोच ठेवला.